केळीच्या चेंबरमधले सीलबंद पीस

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. हितेंद्र भामरे चेंबर दोनच्या दाराला कान लावून उभा होता. आतले पंखे नीट फिरताहेत का, हे तो आधी कानाने तपासतो आणि मग भिंतीवरच्या काट्याने. काटा अठरा अंश दाखवत होता, आर्द्रता ब्याण्णव टक्के. दाराआड रावेरकडची हिरवी केळी क्रेटमध्ये रचलेली होती. त्यांच्यावर आदल्या दिवशी गॅस सोडला होता आणि दोन-तीन दिवसांत ती पिवळीधमक होऊन इंदूरच्या बाजारात उतरणार होती.

नशिराबादच्या अलीकडे महामार्गाला लागून असलेल्या या पिकवणी केंद्रात हितेंद्र लग्नाच्या आधीपासून कामाला आहे. कुठल्या गावची केळी किती तासांत रंग धरते, कुठली आतून मऊ पडते, हे त्याला तोंडपाठ. केंद्राचे मालक लीलाधरशेठ पाहुण्यांना सांगतात, की हा माणूस एक दिवस आला नाही तर माझी केळी रुसते. या कौतुकाचं हितेंद्रला फारसं काही वाटत नाही. केळी हे आपलं पोट आहे, आयुष्य नाही, असं त्याचं ठाम मत आहे.

आयुष्य त्याने जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरी एका खोलीत मांडून ठेवलं होतं.

घरात ए.सी. एकच आणि तो या खोलीत. बायको चारुलता, सात वर्षांची मुलगी भाविका आणि आई सुगंधाबाई, ही माणसं बाहेरच्या हॉलमध्ये कूलरसमोर झोपत. आत काचेच्या फळ्यांवर बाहुले राहत. पोलादी हाताचे, पंखांचे, मुखवट्यांचे, जपानी मालिकांमधले निळ्या केसांचे. प्रत्येक जण आपापल्या खोक्यात, पारदर्शक खिडकीतून बाहेर बघत उभा. त्यांना खेळणी म्हणायचं नाही. पुतळे नाही, बाहुले तर नाहीच नाही. त्यांना ‘पीस’ म्हणायचं. भाविकाला आत जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधावे लागत. ती कुठलाच पीस मागत नसे. आपल्या घरात देवघरं दोन आहेत आणि दोन्हीकडे हात लावायचा नसतो, अशी तिची समजूत होती.

या छंदाचा पहिला नियम असा, की पीस खोक्यातून काढायचा नाही. काढला की तो ‘लूज’ होतो आणि लूज पीसकडे ही मंडळी उष्ट्या ताटाकडे बघावं तसं बघतात. म्हणजे ज्या वस्तूसाठी माणूस वेडा होतो, ती वस्तू त्याने आयुष्यात एकदाही हातात धरायची नाही. हितेंद्रकडे तलवारबाजाचा एक पीस होता. त्याची तलवार म्यानातून बाहेर निघते, असं खोक्यावर लिहिलं होतं. निघते की नाही, हे त्याने कधी पाहिलं नाही.

कॉमिक्सचीही तीच गत. लहानपणी तो धुळ्याला मामाकडे जाई, तेव्हा बसस्थानकाजवळच्या एका टपरीवर कॉमिक्स भाड्याने मिळत. भज्यांचं तेल लागलेली, कव्हर गेलेली, मधली पानं कुणीतरी फाडलेली. ती त्याने उताणं-पालथं पडून वाचली. आता तेच अंक त्याने कोरे मिळवलेत आणि ते प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटबंद आहेत. त्यातल्या एका कथेत शेवटी कोण जिंकतं, हे तो विसरला आहे. बघायचं म्हटलं तर पाकीट फोडावं लागेल.

आणि मेळाव्यांच्या आठवणी. मुंबईच्या मेळाव्यात मनगटाला बांधलेली कागदी पट्टी झिपच्या पाकिटात. तिथे फुकट मिळालेली कापडी पिशवी काचेच्या फ्रेममध्ये. एका चित्रकाराची सही केलेलं पोस्टर. सही इतकी वळणदार, की ती नेमकी कुणाची, यावर हितेंद्रने दोन वेळा दोन वेगवेगळी नावं सांगितली आहेत.

या सगळ्याचं चीज व्हायची वेळ यंदा आली. मेअखेर पुण्यात मोठा मेळावा भरणार होता आणि त्यात लहान शहरांच्या संग्राहकांसाठी काचेचं एक दालन होतं. खान्देशातून एकाच माणसाला जागा. ती हितेंद्रला मिळाली. आठ पीस, सगळे सीलबंद, खोक्याला चुणी नको, चेप नको, डाग नको. मेच्या सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर तपासणी, ती पार पडली की फळीवर नावाची पाटी: हितेंद्र भामरे, जळगाव. आणि दोन दिवस त्या पाटीशेजारी उभं राहून लोकांना माहिती सांगायची. या दोन दिवसांसाठी तो दिवाळीपासून जगत होता. त्याची जागा काही कारणाने गेलीच, तर राखीव उमेदवार होता धुळ्याचा स्वप्नील, मोबाइलच्या सुट्या भागांचा दुकानदार. हे दोघे मिळून ‘खान्देश कलेक्टर्स’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट चालवतात. गटात एक निवृत्त तलाठीही आहेत. ते जिल्हाधिकारी कचेरीच्या बातम्या मिळतील म्हणून आले आणि अजून वाट बघताहेत.

अडचण आली ती आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची.

हितेंद्रची धाकटी बहीण मोनाली साक्रीला दिलेली. तिला सातवा महिना होता. आखाजीला लेक माहेरी येणारच, आणि यंदा आली की बाळंतपण उरकूनच जाणार. सुगंधाबाई मूळच्या पिंपळनेरच्या. जळगावला येऊन जन्म गेला, पण बोली त्यांनी बदलली नाही.

“हितू, पोर आखाजीले येवाव शे,” जेवताना त्या म्हणाल्या. “तिले ती खोली लागी.”

“आई, हॉलमध्ये मोठा कूलर लावतो. नवा आणतो.”

“आनि खोलीमा कोन झोपी?”

उत्तर चारुलताने दिलं. “ते आठ जण झोपतात ना आत. त्यांना उकडतं.”

“चारू, गंमत नको. तिथलं तापमान वाढलं तर डिंक सुटतो. मागच्या मेमध्ये लाइट गेली होती, तेव्हा दोन खोक्यांचे कोपरे उघडले होते.”

“मन्ही पोर उन्हामा राही आनि तुन्हा बाहुला ए.सी.मा?” सुगंधाबाईंनी ताट पुढे सरकवलं. “लाज शे का काही? बठ्ठा बाहेर काढ. नही त मी काढसू.”

आई काढणार म्हणजे कशी काढणार, हे हितेंद्रला माहीत होतं. तिने एकदा काच पुसायची म्हणून पाच पीस एकावर एक रचले होते. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना त्याला तोडगा सुचला.

तोडगा सुचला तो त्याच्या पेशामुळे, आणि अंगाशी आला तोही त्याच पेशामुळे. साधा कारकून असता तर त्याने खोके पलंगाखाली सरकवले असते आणि ते वाचले असते. पण बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना जिल्ह्यात हमखास गारवा कुठे असतो, हे हितेंद्रइतकं कुणाला ठाऊक? त्याने बाकीचा पसारा पोत्यांत भरून माळ्यावर टाकला. पुण्याला जायचे आठ पीस मात्र बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, रिक्षाने नशिराबादला नेले आणि चेंबर तीनमध्ये मागच्या भिंतीशी क्रेटच्या सगळ्यात वरच्या थरावर ठेवले. अठरा अंश. लाइट गेली तर जनरेटर. त्याच्या घरच्या ए.सी.पेक्षा सरस.

चेंबर तीनच्या दारावर एक पाटी आहे. ‘पुठ्ठ्याचे खोके आत नेऊ नयेत.’ ती हितेंद्रनेच रंगवलेली. केळी पिकवताना आत धुक्यासारखी ओल सोडावी लागते, नाहीतर साल काळवंडते आणि वजन घटतं. त्या ओलीत पुठ्ठा दोन दिवसांत लोळागोळा होतो, त्याला बुरशी धरते आणि ती केळीला लागते. म्हणून तिथे सगळं काम प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. क्रेट रचणाऱ्या वनाने एकदा मिठाईचं खोकं आत नेलं होतं, तेव्हा हितेंद्र त्याच्यावर इतका ओरडला होता, की वना दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. तोच हितेंद्र आठ खोके घेऊन त्याच पाटीखालून आत गेला आणि त्याला काहीही खटकलं नाही. कारण त्याच्या लेखी ते खोके नव्हते. ते पीस होते. इतकी वर्षं एखाद्या वस्तूला तिच्या नावाने हाक मारायची नाही, असं ठरवलं की शेवटी ती वस्तू काय आहे, हेच माणूस विसरतो.

दार लागलं, गॅस सुटला. आखाजीला मोनाली आली. हितेंद्रने खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस पोटभर खाल्ला, गल्लीतल्या कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर भाविकाला झोके दिले आणि आईला म्हणाला, “बघ, खोली दिली की नाही?” सुगंधाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. पोरगा सुधारला, असं त्यांना वाटलं.

चेंबर उघडायच्या दिवशी वना आधी आत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला आणि पाटीकडे बोट दाखवून उभा राहिला.

“हितूभाऊ, मिठाई कोणाची?”

“कसली मिठाई?”

“मागं आठ खोके शेत. घाम सुटलाय त्यांना.”

हितेंद्र धावत गेला. बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकच्या आत पाण्याचे थेंब होते. बाहेरची ओल आत शिरली होती आणि आतली बाहेर निघाली नव्हती. पुठ्ठा फुगून पुरणपोळीसारखा झाला होता. रंगीत कागद सुटून लोंबत होता. एका खोक्याचा तळ हातात घेताच निसटला आणि निळ्या केसांचा तलवारबाज जन्मात पहिल्यांदा मोकळ्या हवेत, केळीच्या घडावर आडवा पडला. त्याला ओरखडाही नव्हता. आठही जणांना काहीही झालं नव्हतं.

“बाहुले त बरे शेत की,” वना म्हणाला.

“गप रे. सगळं गेलं.”

वनाला काय गेलं ते कळेना. मात्र लीलाधरशेठना कळलं. वरच्या थराच्या केळीवर पुठ्ठ्याचा लगदा चिकटला होता आणि इंदूरच्या व्यापाऱ्याने त्याचा फोटो पाठवला. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी हितेंद्रला पाटी मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, “अक्षर कोणाचं?” मग पुण्यासाठी मागितलेली रजा नामंजूर केली. “मेअखेर माल जोरात असतो. तुम्ही इथे लागता. तुमची बाहुली जाऊ द्या की, त्यांना कोण अडवतंय?”

रजा गेली तरी फळी आणि पाटी हाताशी होती. हितेंद्रने खोके घरी आणले आणि वाळवायचे म्हणून गच्चीवर नेले. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीवर चारुलताच्या बिबड्या वाळत होत्या. ज्वारीचे हे पापड ती दरवर्षी करते आणि ओळखीपाळखीत विकते. हितेंद्रने आठ खोके कोपरे धरून, उलगडून बिबड्यांच्या रांगेला लावले आणि वारा येईल म्हणून प्रत्येकावर एक खडा ठेवला.

शेजारच्या गच्चीवरून कुंदाबाई बघत होत्या. “चारू, हा नवा प्रकार कशाचा वं? नागलीचा का?”

“नाही हो अक्का. हा आमच्या घरच्या धन्याचा. तळला तरी फुलत नाही.”

मेचं ऊन पुठ्ठ्यावर दया दाखवत नाही. तासाभरात खोके वाळले आणि वाळताना वळले. बिबड्या सपाट राहिल्या, खोक्यांच्या नळ्या झाल्या.

चारुलताने रोजच्यासारखा बिबड्यांचा फोटो स्टेटसला टाकला. तिच्या गिऱ्हाइकांत स्वप्नीलची बायको कोकिळा होती. संध्याकाळी धुळ्याहून फोन आला.

“भो, वहिनींच्या बिबड्या झकास झाल्यात,” स्वप्नील म्हणाला. “कोकिळाला शंभर पाहिजेत. पण मागे काय वाळत घातलंय रे? ओळखीचं दिसतंय.”

“जुनी रद्दी.”

“रद्दीवर निळ्या केसांचा माणूस आहे.”

हितेंद्रने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बोल की भो. केळीत ठेवले होते का?” स्वप्नील आधी हसला, मग त्याने आवाजात सहानुभूती आणली. ती आणायला त्याला थोडा वेळ लागला. “वाईट झालं. खरंच वाईट झालं. बरं, मग मी माझे आठ काढून ठेवू का? नाही, पुण्यातून विचारलं तर खान्देशची फळी रिकामी नको ना राहायला.”

ती रात्र हितेंद्रने मोबाइलकडे बघत काढली. सकाळी ड्यूटीवर, चेंबरच्या मागे उभं राहून त्याने पुण्याच्या आयोजकांना फोन लावला. तिकडून एक तरुण मुलगा बोलत होता, घाईत, पण अदबीने.

“सर, पीस डॅमेज झाले का?”

“नाही. पीस अगदी कोरे आहेत. बॉक्स गेले.”

“अरेरे. उलटं असतं तर चाललं असतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे पीस गेले असते आणि बॉक्स चांगले असते, तर काही प्रश्न नव्हता, सर. काच बंद असते. उघडून कोण बघतंय? समोरच्या खिडकीला तेवढा छापील चित्राचा पुठ्ठा लावला की लांबून पीसच वाटतो. तुम्ही एक करा. दिल्लीत रिकामे बॉक्स मिळतात, मी नंबर देतो. आपल्या दालनातले निम्मे संग्राहक तिथूनच घेतात. तपासणी आठवडाभर पुढे ढकलतो.”

“आणि पीस?”

“पीस कशाला पाठवता? कुरिअरचं वजन वाढतं.”

एवढ्या वर्षांत कुणी हितेंद्रला त्याच्या छंदाचं सार इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. एखाद्याला अशा वेळी थोडं हसू आलं असतं, किंवा थोडी शरम. हितेंद्रला हायसं वाटलं. त्याने नंबर लिहून घेतला आणि दुपारच्या सुट्टीत आठ रिकामे खोके मागवले.

ते आले तेव्हा उत्तम बांधून आले होते. मोठ्या खोक्यात मध्यम खोके, मध्यम खोक्यात रिकामे खोके, आणि रिकाम्या खोक्यांना चेप येऊ नये म्हणून आत भरलेला कागद. हितेंद्रने त्यांच्या खिडक्यांना आतून छापील चित्रं लावली आणि ते व्हिडिओ कॉलवर एकेक करून कॅमेऱ्यासमोर फिरवले. पुण्याच्या मुलाने प्रत्येक कोपरा बघितला, दोनदा “सुंदर, सर” म्हणाला आणि खान्देशची फळी हितेंद्रच्या नावावर पक्की झाली. गटावर स्वप्नीलने अभिनंदनाचा अंगठा टाकला. खाली त्याने लिहिलं, ‘कोकिळाच्या शंभर बिबड्यांचं काय झालं?’ तलाठ्यांनी विचारलं, ‘बदली कोणाची झाली?’

आठ पीस क्रेटमध्ये पडून होते. वनाने एक फुटका क्रेट दिला होता, तो मोनालीच्या पलंगाखाली सरकवला होता, कारण घरात दुसरीकडे जागा नव्हती. मोनाली ए.सी. सव्वीसवर ठेवते, त्याहून कमी केला की तिचे पाय गार पडतात. खोके बांधून कुरिअरला द्यायच्या दिवशी हितेंद्र टेप शोधायला खोलीत आला, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. पायाने तिने क्रेट थोडा बाहेर ओढला.

“भाऊ, हे आठ जण पुण्याला कधी निघताहेत?”

“ते नाही जात.”

“मग कोण जातंय?”

“बॉक्स.”

मोनालीने त्याच्याकडे नीट बघितलं. तो गंमत करत नव्हता. त्याच्या हातात टेप होता आणि चेहऱ्यावर घाई होती.

“रिकामे?”

“तिथे बॉक्सच बघतात, मोना. तुला त्यातलं कळायचं नाही.”

मोनाली हसायला लागली. हसता हसता तिने पोट धरलं, मग उशी धरली, मग नुसतीच मान हलवत राहिली. सुगंधाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“काय व्हयनं वं? पोट दुखी राह्यनं का?”

“नाही आई. भाऊ... भाऊ रिकामे डबे पाठवतोय पुण्याला. नावाची पाटी लावून.”

“पाठू दे,” सुगंधाबाई म्हणाल्या. “खोली मोकळी व्हयनी ना? तू हासू नको इतकी. पोटमा पोर शे.”

हितेंद्रने टेप घेतला आणि बाहेर गेला. खोक्यांवर त्याने दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत लिहिलं: नाजूक वस्तू, जपून हाताळा. कुरिअरवाल्याने गठ्ठा उचलला, हाताने तोलला आणि हितेंद्रकडे प्रश्नार्थक बघितलं. हितेंद्र म्हणाला, “सावकाश ने.”

काल पुण्याहून फोटो आला. काचेच्या मागे आठ खोके, वरून पिवळा दिवा, खाली पाटी. आडनावाचं स्पेलिंगही बरोबर आहे. हितेंद्रने तो फोटो स्टेटसला ठेवला, चारुलताला बघायला लावला, वनाला दाखवला आणि लीलाधरशेठना दाखवायचा म्हणून केबिनपर्यंत जाऊन परत आला. वनाने फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, “हितूभाऊ, याच्यात तुम्ही कुठं शेत?”

मेळावा उद्या शनिवारी सकाळी दहाला सुरू होतो. रजा नाही, म्हणून हितेंद्रची ड्यूटी नेहमीसारखी सकाळी सहाची आहे. चेंबर एकमध्ये यावलचा माल भरून झाला आहे. उद्या साडेसहाला गॅस सोडायचा आणि गॅस सोडल्यावर ते दार चोवीस तास उघडत नाहीत.